‘इस्रायली माल नाही’ असं लिहून द्यावं का? अमेरिकेच्या अँटी-बॉयकॉट नियमांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निर्यातीच्या कागदपत्रांचं काम करणाऱ्यांना कधी ना कधी एक विचित्र ओळ भेटते. पंपाच्या सुट्या भागांची ऑर्डर असते, दर ठरलेला असतो, माल पॅक झालेला असतो, आणि परचेस ऑर्डरच्या सातव्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं: ‘द गुड्स आर नॉट ऑफ इस्रायली ओरिजिन’ असं प्रमाणपत्र जोडावं. मी नवा होतो तेव्हा अशी ओळ जशीच्या तशी इन्व्हॉइसवर टाइप करून मोकळा झालो होतो. बायरने मागितलंय ना, द्यायचं. पुढे हेड ऑफिसातून फोन आला तेव्हा कळलं की त्या एका ओळीसाठी एका देशाने अख्खा कायदा केलेला आहे. तेव्हापासून लोक मला जे विचारत आले ते इथे लिहितो आहे. हा वकिली सल्ला नाही. प्रकरण खरंच अंगावर आलं असेल तर वकील गाठा.

हा कायदा नेमका म्हणतो काय?

अमेरिकेशी मैत्री असलेल्या एखाद्या देशावर दुसऱ्या परकीय देशाने व्यापारी बहिष्कार टाकला, आणि त्या बहिष्काराला अमेरिकी सरकारची संमती नसेल, तर अमेरिकी कंपन्यांनी त्यात हातभार लावायचा नाही, आणि तशी मागणी आली तर सरकारला कळवायचं. हे धोरण कायद्यात पहिल्यांदा आलं 1965 मध्ये. तेव्हा ते बरंचसं कागदावरच होतं. त्याला दात आले 1976 आणि 1977 मध्ये. सध्या लागू असलेला कायदा 2018 चा. अंमलबजावणी वाणिज्य खात्यातलं ‘ऑफिस ऑफ अँटीबॉयकॉट कंप्लायन्स’ करतं. शिवाय अर्थखात्याचा करकायद्यातला वेगळा नियम आहे. त्यात थेट बंदी नाही, पण बहिष्काराला साथ दिली तर करसवलती जातात.

‘मित्रदेश’ म्हणजे कोण कोण? यादी मिळेल का?

मित्रांची यादी नाही. यादी आहे ती बहिष्कार टाकणाऱ्यांची. अर्थखातं ती दर तिमाहीला प्रसिद्ध करतं. 2021 च्या यादीत इराक, कुवेत, लेबनॉन, लिबिया, कतार, सौदी अरेबिया, सीरिया आणि येमेन होते. संयुक्त अरब अमिराती त्याच वर्षी यादीतून बाहेर पडली, कारण 2020 च्या ऑगस्टमध्ये त्यांनी आपला 1972 चा बहिष्काराचा कायदाच रद्द केला. यादी बदलत राहते, म्हणून ताजी बघा. भिंतीवर चिकटवलेल्या जुन्या झेरॉक्सवर विसंबू नका.

कायद्याच्या मजकुरात इस्रायलसाठी खास कलम नाही. नियम कोणत्याही मित्रदेशावरच्या बहिष्काराला लागू होतो. पण व्यवहारात दहापैकी नऊ वेळा विषय इस्रायलचाच असतो, हे उघड गुपित आहे.

अरब देशांचा हा बहिष्कार कधीपासूनचा?

इस्रायल देश होण्याच्या आधीपासूनचा. अरब लीग 1945 च्या मार्चमध्ये स्थापन झाली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये तिने पॅलेस्टाइनमधल्या ज्यू मालावर बहिष्कार जाहीर केला. पुढे 1951 मध्ये दमास्कसला त्यासाठी मध्यवर्ती कचेरी उघडली. या बहिष्काराचे तीन थर समजून घेतले की बाकीचे सगळे नियम आपोआप उलगडतात.

पहिला थर साधा: आम्ही इस्रायलकडून घेणार नाही, त्यांना विकणार नाही. दुसरा थर: जी परदेशी कंपनी इस्रायलमध्ये गुंतवणूक करेल तिच्याशीही आमचा व्यवहार बंद, तिचं नाव काळ्या यादीत. तिसरा थर त्याहून लांबचा: काळ्या यादीतल्या कंपनीशी जो धंदा करेल त्याच्याशीही आम्ही धंदा करणार नाही. म्हणजे वाळीत टाकलेल्याशी बोलणाऱ्यालाही वाळीत टाकायचं, आणि त्याच्याशी बोलणाऱ्यालाही. गावकीतलं हे गणित आपल्याला नवीन नाही.

कोका-कोलाचं उदाहरण प्रसिद्ध आहे. तिने 1966 मध्ये इस्रायलमध्ये बॉटलिंगचा परवाना दिला, आणि 1968 पासून अरब लीगने तिच्यावर बहिष्कार टाकला. तो 1991 पर्यंत चालला. त्या काळात पेप्सीने अरब बाजार सांभाळला आणि इस्रायलमध्ये ती गेली 1992 मध्ये.

अमेरिकेचा खरा आक्षेप दुसऱ्या आणि तिसऱ्या थरावर आहे. कुवेतने स्वतःच्या बंदरात इस्रायली माल उतरू द्यायचा नाही असं ठरवलं, तर तो कुवेतचा प्रश्न. पण ओहायोतल्या कारखान्याने कोणाकडून बोल्ट घ्यावेत हे दमास्कसने ठरवायचं, हे अमेरिकेला चालत नाही.

1977 मध्येच असं काय झालं?

1973 च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेलाचे भाव वाढले, आखातात पैसा आला आणि अमेरिकी कंपन्या कंत्राटांसाठी तिकडे धावल्या. त्या कंत्राटांसोबत प्रश्नावल्याही आल्या: तुमच्या संचालकांत ज्यू कोण आहेत, इस्रायलमध्ये तुमची गुंतवणूक किती, तुमचे पुरवठादार कोण. स्वतःच्या नागरिकांशी धर्मावरून भेदभाव करायला परदेशी गिऱ्हाईक सांगतंय, ही गोष्ट अमेरिकेत फार टोचली. उद्योगपती आणि ज्यू संघटना यांच्यात वाटाघाटी झाल्या. ड्यूपाँ कंपनीचे प्रमुख अर्विंग शपिरो त्यात पुढे होते. त्यातून आलेल्या तडजोडीवर राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी 1977 च्या जूनमध्ये सही केली. नियमांत इतके अपवाद का आहेत असं लोक विचारतात, त्याचं उत्तर या तडजोडीत आहे.

आमची कंपनी पुण्याची. अमेरिकी कायद्याशी आमचा काय संबंध?

मालक कोण ते बघा. चाकण, हिंजवडी, रांजणगाव इथल्या कितीतरी कंपन्या अमेरिकी कंपन्यांच्या उपकंपन्या आहेत. प्रत्यक्ष ताबा अमेरिकी कंपनीकडे असेल तर कायद्याच्या नजरेत पुण्याची प्रायव्हेट लिमिटेडही ‘अमेरिकी व्यक्ती’ ठरते.

पण तेवढं पुरत नाही. तो व्यवहार अमेरिकेच्या व्यापाराशी जोडलेला असावा लागतो. समजा, कुवेतच्या ऑर्डरसाठी म्हणून तुम्ही टेक्सासहून खास सील मागवलेत आणि ते पंपात बसवलेत, तर व्यवहार कायद्याखाली येतो. तेच सील कोणत्याही ठरावीक ऑर्डरशिवाय मागवले होते, इथे त्यांच्यावर मोठी प्रक्रिया होऊन वेगळाच माल तयार झाला आणि तो गेला, तर सहसा येत नाही. पण ‘सहसा’ या शब्दावर कोणी सही करत नाही. म्हणून बहुतेक अमेरिकी हेड ऑफिसं सगळ्यांना एकच नियम लावतात: अशी ओळ दिसली की थांबा आणि आम्हाला पाठवा.

आणि कंपनी शंभर टक्के भारतीय असेल तर?

मग हा कायदा थेट तुम्हाला लागू नाही. तुमचा अमेरिकी गिऱ्हाईक किंवा भागीदार मात्र करारात ‘आम्ही अशा कोणत्याही बहिष्कारात भाग घेत नाही’ असं लिहून घेऊ शकतो, आणि तिथे तुम्ही बांधले जाता. मुंबईतल्या हिरेवाल्यांचं उदाहरण घ्या. भारत डायमंड बोर्समधून इस्रायलच्या हिरेबाजाराला, रामत गनला, माल जाणं रोजचंच. ‘तुमचा इस्रायलशी व्यवहार आहे का’ या आखाती प्रश्नावलीला खरं उत्तर दिलं तर एक गिऱ्हाईक जातं, खोटं दिलं तर दुसरं.

नेमकी कोणती वाक्यं धोक्याची?

कळीचा प्रश्न हाच आहे, म्हणून इथे थोडं सविस्तर.

‘माल इस्रायली नाही’ हे लिहायचं नाही. ‘माल संपूर्णपणे भारतीय बनावटीचा आहे’ हे खुशाल लिहा. माहिती जवळपास तीच, पण दुसरं वाक्य होकारार्थी आहे. माल कुठला ते सांगा, कुठला नाही ते सांगू नका. 1978 च्या जूनपासून हा फरक नियमातच आहे. अनेक बायर होकारार्थी प्रमाणपत्रावर समाधान मानतात, कारण त्यांच्या कस्टमला शेवटी ओरिजिनच हवं असतं. सर्टिफिकेट ऑफ ओरिजिनच्या रिमार्क्सच्या रकान्यात मात्र लक्ष ठेवा. मुख्य मजकूर स्वच्छ असतो आणि नकारार्थी ओळ तिथे खाली लपून बसते.

‘उत्पादक काळ्या यादीत नाही’ हेही चालत नाही. ‘आमची इस्रायलमध्ये शाखा नाही’ हे खरं असलं तरी चालत नाही. लोक इथे हमखास अडखळतात. म्हणतात, आमची शाखा नाहीच आहे, मग सांगितलं तर बिघडलं काय? बिघडतं असं की कायद्याला तुमच्या शाखेशी देणंघेणं नाही. बहिष्कारासाठी माहिती पुरवणं हाच गुन्हा आहे. विस्कॉन्सिनच्या ब्रिग्ज अँड स्ट्रॅटन या इंजिन बनवणाऱ्या कंपनीने याच मुद्द्यावर सरकारला कोर्टात खेचलं. अरब देशांकडून आलेल्या प्रश्नावलीला उत्तर द्यायचा आम्हाला अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आहे, असं तिचं म्हणणं. अपील कोर्टाने 1984 मध्ये ते फेटाळलं. प्रश्नावलीला उत्तर द्यायचं नाही, आणि उत्तर दिलं नाही म्हणून धंदा गेला तरी सोसायचं. कायदा कंपनीला अशा कोपऱ्यात उभं करतो हे मान्यच करायला हवं.

एक अपवाद मात्र कामाचा आहे. बायरने स्वतःहून ‘अमुकच कंपनीचा व्हॉल्व्ह बसवा’ असं नाव घेऊन सांगितलं, तर काही अटींवर तुम्ही तो बसवू शकता, त्याच्या मनात बहिष्कार असला तरी. पण त्याने ‘यांच्यापैकी काळ्या यादीत नसलेला तुम्हीच निवडा’ म्हटलं, तर निवड तुमची होते आणि तुम्ही अडकता.

बोटीबद्दलही प्रमाणपत्र मागतात. ते?

‘बोट इस्रायली बंदरात थांबणार नाही’ किंवा ‘इस्रायली झेंड्याखालची नाही’ हे जहाज आणि मार्गाबद्दलचं असल्याने नकारार्थी असलं तरी चालतं. हा अपवाद युद्धाच्या जोखमीमुळे, माल जप्त होण्याच्या भीतीने ठेवलेला आहे. ‘बोट त्या देशाच्या नियमांनुसार बंदरात यायला पात्र आहे’ हे जहाजाच्या मालकाने, कप्तानाने किंवा चार्टररने (जहाज भाड्याने घेणाऱ्याने) लिहून द्यावं, आणि त्यांनी दिलं तर हरकत नाही. ‘बोट काळ्या यादीत नाही’ हे कोणीच लिहायचं नाही. न्हावाशेव्याला फॉरवर्डरकडून येणाऱ्या तयार फॉर्मॅटमध्ये हे दोन्ही मजकूर कधी कधी एकाच परिच्छेदात गुंफलेले असतात. वाचूनच पुढे पाठवा.

आम्ही नकार दिला, ओळ काढून घेतली. मग कळवायचं कशाला?

कारण कळवणं हे वेगळं कर्तव्य आहे. तुम्ही अट मानली की नाकारली याने फरक पडत नाही. मागणी आली, एवढं पुरेसं. सौदा फिसकटला तरी कळवावं लागतं. न मागता आलेल्या टेंडरला तुम्ही काही उत्तरच दिलं नाही, तर ते धरत नाहीत. काही मागण्या मुळातच कळवाव्या लागत नाहीत, उदाहरणार्थ होकारार्थी ओरिजिन प्रमाणपत्राची मागणी.

मुदतीचा हिशेब असा. मागणी 12 फेब्रुवारीला अमेरिकेत आली असेल तर तिमाही 31 मार्चला संपते आणि अहवाल 30 एप्रिलपर्यंत जायला हवा. तीच मागणी पुण्यात आली असेल तर एक महिना जास्त, म्हणजे 31 मे. तिमाही कॅलेंडर वर्षाची. आपल्याकडे एप्रिल-जूनला पहिली तिमाही म्हणायची सवय असल्याने ईमेलमध्ये ‘क्यू वन’ लिहू नका, महिन्यांची नावं लिहा. हा सल्ला मनस्तापातून आलेला आहे. कागद पाच वर्षं जपायचे. 2023 च्या जुलैपासून मागणी नेमकी कोणी केली त्याचं नावही द्यावं लागतं. 2024 च्या मार्चपासून अमेरिकी वाणिज्य खातं अशा मागण्या करणाऱ्यांची यादी जाहीर करतं. नवीन बायर जोडताना ती एकदा चाळा.

पाकिस्तान किंवा बांगलादेश यादीत नाही. मग तिकडून आलेली ओळ चालेल?

नाही. अर्थखात्याची यादी ही करनियमापुरती आहे. वाणिज्य खात्याचा नियम मागणी कोणत्याही देशातून आली तरी लागतो. 2023 मध्ये एका अमेरिकी समूहाच्या अमिरातीतल्या उपकंपनीला 2,83,500 डॉलर भरावे लागले, ते अशाच प्रकरणात. पाकिस्तानातल्या एका गिऱ्हाइकाच्या ऑर्डरवर इस्रायली माल न आणण्याची तीच ती अट पुन्हा पुन्हा येत होती आणि कंपनीने ती कधी कळवलीच नाही. प्रत्येक वेळ स्वतंत्र उल्लंघन धरली गेली, ती भरली 84. तसंच, आज जो देश शांत आहे तो उद्या राहीलच असं नाही. तुर्कस्तानने 2024 च्या मेमध्ये इस्रायलशी व्यापार थांबवला. इराकने 2022 मध्ये इस्रायलशी संबंध ठेवणं हाच गुन्हा ठरवला.

एलसीमध्ये (बँकेच्या लेटर ऑफ क्रेडिटमध्ये) अशी अट असेल तर बँक काय करते?

लाभार्थी अमेरिकी कंपनी असेल तर अमेरिकी बँकेने अशी एलसी कन्फर्म करणं, तिच्यावर पैसे देणं, सगळंच निषिद्ध. लाभार्थी नाशिकचा द्राक्ष निर्यातदार असेल तर ती बंदी सहसा लागत नाही. तरी अनेक बँका आपल्या अंतर्गत धोरणाने कागद परत पाठवतात, आणि तुम्ही बोटीवर माल चढवून बसलेले असता. म्हणून एलसीचा ड्राफ्ट येताच 46ए (लागणारी कागदपत्रं) आणि 47ए (जादा अटी) हे रकाने वाचा आणि तेव्हाच अमेंडमेंट, म्हणजे दुरुस्ती, मागा. शिपमेंटनंतर मागितलेली अमेंडमेंट ही बायरला सवलत मागायला मिळालेली संधी असते.

व्हिसाच्या फॉर्मवर धर्म विचारतात. भरायचा का?

माणसाने स्वतःचा आणि स्वतःच्या कुटुंबाचा भरावा. ती त्याची माहिती आहे, अपवाद तसाच लिहिलेला आहे. कंपनीने मात्र साइटवर जाणाऱ्या वीस जणांची यादी करून तिच्यात धर्माचा रकाना घालू नये. आपल्याकडे एचआरमधली मंडळी मदत म्हणून हौसेने एक्सेल शीट करतात, घात तिथेच होतो. महाराष्ट्रात तर हा प्रश्न पुस्तकी नाही. कोकणातले बेने इस्रायली ज्यू पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलतात आणि गावावरून आलेली ‘कर’ लागलेली आडनावं लावतात. वीस जणांत एखादा असतो आणि आडनावावरून कोणाला कळतही नाही. रकाना घातला की कळतं, आणि मग त्याला घरी ठेवायचं की नाही हे ठरवायची वेळ कंपनीवर येते. तो निर्णय घेणं म्हणजेच कायद्याच्या भाषेत भेदभाव.

शिक्षा किती?

फौजदारी कमाल 10 लाख डॉलर आणि 20 वर्षं कैद. दिवाणी दंड दर उल्लंघनामागे. तो दरवर्षी महागाईप्रमाणे वाढतो. 2025 मध्ये 3 लाख 70 हजार डॉलरच्या पुढे होता, किंवा व्यवहाराच्या दुप्पट, जे जास्त असेल ते. तुरुंगाची उदाहरणं शोधत बसू नका. प्रकरणं बहुधा दंडावर मिटतात. गाजलेलं प्रकरण बॅक्स्टर इंटरनॅशनल या वैद्यकीय साहित्याच्या कंपनीचं. काळ्या यादीतून नाव निघावं म्हणून तिने बहिष्काराच्या कचेरीला माहिती पुरवली, 1993 मध्ये गुन्हा कबूल केला आणि एकूण 65 लाख डॉलरहून अधिक मोजले.

अमेरिका स्वतः क्युबावर निर्बंध घालते. मग हा दुटप्पीपणा नाही का?

आहे, आणि तो लपवलेलाही नाही. कायद्याचा विरोध बहिष्कार या गोष्टीला नाही. अमेरिकेने न ठरवलेल्या बहिष्काराला आहे. कोणाशी व्यापार तोडायचा हे आमच्या कंपन्यांना आम्ही सांगू, इतर कोणी नाही, एवढाच त्याचा अर्थ. मला यात तत्त्वापेक्षा सार्वभौमत्वाचा हट्ट जास्त दिसतो. पण हट्ट का होईना, भेदभावाची प्रश्नावली दारात अडली, हेही खरं. आणि बहिष्कार हे हत्यार आपणही वापरलेलं आहे. टिळकांच्या चतुःसूत्रीत बहिष्कार होता, आणि वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी व्यापार तोडणारा पहिला देश भारत होता, 1946 मध्ये.

मी एक ग्राहक म्हणून एखाद्या देशाचा माल घेतला नाही, तर?

काहीच नाही. परदेशी सरकारच्या सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या मताने केलेल्या निवडीला हा कायदा हात लावत नाही. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी सरकारी कंत्राटदारांकडून ‘इस्रायलवर बहिष्कार टाकणार नाही’ असं लिहून घ्यायचे कायदे केलेत, ते प्रकरण वेगळं आहे आणि त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत.

भारतात किंवा इतरत्र असा कायदा आहे?

आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही. जर्मनीत आहे: परकीय व्यापाराच्या नियमावलीतल्या सातव्या कलमानुसार बहिष्काराचं निवेदन देणं निषिद्ध. म्हणून पुण्यातल्या जर्मन कंपन्याही या ओळीवर अडतात.

आमच्या ऑफिसातल्या मुलाने नकारार्थी प्रमाणपत्रावर सही करून पाठवूनही दिलं. आता?

त्याला ओरडू नका. ओरडलात तर पुढचं प्रमाणपत्र तो तुम्हाला दाखवणार नाही. कागद फाडू नका, ईमेल पुसू नका. त्याच बायरच्या मागच्या पाच वर्षांच्या ऑर्डरी काढा, कारण ती ओळ एकदाच आलेली नसते. मग हेड ऑफिसच्या कंप्लायन्सला लेखी कळवा. स्वतःहून चूक उघड केली तर दंड बराच कमी होतो, पण सरकारला दुसरीकडून कळायच्या आत. आणि बायरला आजच पत्र पाठवा: पुढच्या ऑर्डरपासून आम्ही फक्त होकारार्थी ओरिजिन देऊ. मी तेव्हा पाठवलेल्या पत्राला दोन दिवसांत उत्तर आलं होतं. एका शब्दाचं, ‘ओके’.